डिबगरमधली फंक्शन्स: इंटरफेस एकसारखे कसे ठेवायचे आणि कमेंटमध्ये नेमकं काय लिहायचं

डिबगर (चालू प्रोग्राम थांबवून त्याच्या आत डोकावायचं साधन) उघडणाऱ्या माणसाचा संशय स्वतःच्या प्रोग्रामवर असतो, डिबगरवर नसतो. त्यामुळे डिबगरने एखादं मूल्य चुकीचं दाखवलं, तर तो ते खरं धरून चालतो आणि भलत्याच ठिकाणी खणत बसतो. डिबगरच्या आतल्या अशा चुका अवघड अल्गोरिदममध्ये क्वचित सापडतात. बहुतेक वेळा त्या दोन फंक्शन्सच्या सांध्यावर असतात: एकाने दिलेल्या पत्त्याचा अर्थ दुसऱ्याने मनानेच ठरवलेला असतो.

माझ्या वाट्याला आलेलं एक उदाहरण सांगतो. बॅकट्रेसमधली (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्या यादीतली) एक मधली फ्रेम, म्हणजे एका कॉलची नोंद, चुकीच्या फंक्शनच्या नावाने दिसत होती. परतीचा पत्ता हा कॉलच्या पुढच्या इन्स्ट्रक्शनचा असतो. पण बोलावलेलं फंक्शन ‘अबॉर्ट’सारखं कधीच न परतणारं असेल, तर त्या कॉलनंतर कंपायलर काहीच ठेवत नाही असंही होतं, आणि मग परतीचा पत्ता थेट शेजारच्या फंक्शनच्या पहिल्या बाइटवर पडतो. म्हणून अशा फ्रेमचं नाव किंवा ओळ शोधताना त्या पत्त्यातून एक वजा करावा लागतो. आमच्या कोडमध्ये ‘फ्रेम_पत्ता’ असं एक फंक्शन होतं. ते वजा केलेला पत्ता देतं की न केलेला, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. काही ठिकाणी बोलावणाऱ्याने एक वजा केला होता, काही ठिकाणी नाही. दोन दिवस त्यात गेले.

जीडीबी या जीएनयूच्या डिबगरमध्ये याच कामासाठी दोन वेगळी फंक्शन्स आहेत. एक फ्रेमचा पीसी (प्रोग्राम काउंटर, म्हणजे इन्स्ट्रक्शनचा पत्ता) जसाच्या तसा देतं, दुसरं ‘कॉल ज्या ब्लॉकमध्ये झाला, त्या ब्लॉकमधला पत्ता’ देतं. अर्थ दोन म्हणून नावंही दोन. पुढच्या पायऱ्या याच धर्तीवरच्या आहेत. लेखातली फंक्शन्सची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत लिहिली आहेत. तुमच्या कोडमध्ये ती अर्थातच तिथल्या पद्धतीने असतील.

पायरी १: एकाच कामाची फंक्शन्स शेजारी मांडा

सगळा कोड एकदम सुधारायला घेऊ नका. एक कुटुंब निवडा. मी नेहमी मेमरी वाचणाऱ्या फंक्शन्सपासून सुरुवात करतो, कारण डिबगरमधलं जवळजवळ सगळं शेवटी तिथेच येऊन पोचतं. कोडमध्ये शोध घेऊन त्या कुटुंबातलं प्रत्येक फंक्शन एका तक्त्यात उतरवा आणि पुढे रकाने ठेवा: पॅरामीटरचा क्रम, लांबी कोणत्या एककात, परत काय मिळतं, चुकलं तर काय होतं, बफर कोणाचा.

हा तक्ता भरताना प्रत्येक रकाना कोड वाचून भरा, आठवणीवरून नको. दोन-तीन तासांतच विसंगती डोळ्यांसमोर येते. जीडीबीतलंच बघा: तिथे ‘रीड_मेमरी’ वाचता आलं नाही तर एक्सेप्शन फेकतं, तर ‘टार्गेट_रीड_मेमरी’ यश आलं तर शून्य आणि नाही तर शून्येतर मूल्य परत देतं. दोन्ही आपापल्या जागी उपयोगाची आहेत. पण नावावरून हा फरक ओळखता येत नाही, आणि नवीन माणूस पहिल्याची सवय घेऊन दुसरं वापरतो, परत आलेलं मूल्य तपासत नाही. अपयश तिथेच गिळलं जातं आणि बफरमधला कचरा व्हेरिएबलचं मूल्य म्हणून पडद्यावर येतो.

पायरी २: आकड्यांचे अर्थ ठरवून टाका

डिबगरमध्ये सगळेच आकडे पूर्णांक असतात आणि कंपायलरला ते सगळे सारखेच दिसतात. सर्वाधिक वेळ मी इथे घालवेन.

रजिस्टरच्या (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवण-जागेच्या) क्रमांकाचंच घ्या. एक्स८६-६४ या प्रोसेसर-कुटुंबात ‘रजिस्टर क्रमांक १’ म्हणजे कोणतं? ड्वार्फच्या (कंपायलर डिबगरसाठी माहिती ज्या स्वरूपात लिहितो त्याच्या) क्रमवारीत ते आरडीएक्स आहे. इन्स्ट्रक्शनच्या एन्कोडिंगमध्ये आरसीएक्स. जीडीबीच्या अंतर्गत क्रमवारीत आरबीएक्स. क्रमांक ० मात्र तिन्हीकडे आरएएक्सच आहे. त्यामुळे ज्याने फक्त आरएएक्सवर टेस्ट लिहिली, त्याची टेस्ट हिरवी राहते. त्याहून फसवी गोष्ट अशी की ड्वार्फ आणि जीडीबी यांच्या क्रमवारींत ० ते १५ पर्यंत फक्त १ आणि ३ यांची अदलाबदल आहे, बाकी सगळे क्रमांक जुळतात. रूपांतर करायचं विसरलेला कोड बहुतेक वेळा बरोबर चालेल आणि एखादं व्हेरिएबल नेमकं आरबीएक्स किंवा आरडीएक्समध्ये असलं की चुकेल.

यावर ‘रेगनम’ नावाचा साधा पूर्णांक पॅरामीटर पुरत नाही. ‘ड्वार्फ_रेग’ आणि ‘आर्क_रेग’ असे दोन स्वतंत्र प्रकार करा, एकातून दुसऱ्यात जायला एकच फंक्शन ठेवा, आणि आपोआप होणारं रूपांतर बंद करा. कोड थोडा लांबतो, पण गोंधळ करणारा कोड कंपाइलच होत नाही. जुन्या कोडमध्ये हे लगेच शक्य नसेल तर निदान पॅरामीटरच्या नावातच क्रमवारी लिहा.

पत्त्यांच्या बाबतीत दोन प्रश्न आधी सोडवा. पहिला, पत्ता फाइलमधला की लोड झाल्यानंतरचा? शेअर्ड लायब्ररी आणि पोझिशन-इंडिपेंडंट एक्झिक्युटेबल (मेमरीत कुठेही लोड होऊ शकणारा प्रोग्राम) यांच्यात हे दोन सहसा सारखे नसतात. दुसरा, रेंजचा शेवट धरायचा की नाही? इथे मी एकच नियम पाळायला सांगेन: सुरुवात धरून, शेवट सोडून. ड्वार्फमध्ये फंक्शनचा वरचा पीसी हा शेवटच्या इन्स्ट्रक्शननंतरचा पहिला पत्ता असतो, आणि लिनक्सच्या प्रोसेस मॅप्समध्येही (प्रोसेसच्या मेमरीतल्या रेंजच्या यादीतही) शेवटचा पत्ता रेंजच्या बाहेरचा असतो. आजूबाजूचं जग असं चालत असताना आपण वेगळं वागायचं कारण नाही. शिवाय ड्वार्फ ४ पासून तो वरचा पीसी पत्ता म्हणून न देता खालच्या पीसीपासूनचं अंतर म्हणूनही देता येतो. तेव्हा हा भेद पार्सरमध्येच मिटवा. वरच्या थराला नेहमी पत्ताच मिळाला पाहिजे.

ओळींचे आणि फाइलींचे क्रमांकही असेच चकवतात. ड्वार्फच्या लाइन टेबलमध्ये (कोणती इन्स्ट्रक्शन सोर्सच्या कोणत्या ओळीची ते सांगणाऱ्या तक्त्यात) ओळ ० म्हणजे ‘या इन्स्ट्रक्शनला सोर्समधली ओळ नाही’, पहिली ओळ नव्हे. त्याच टेबलमधली फाइलींची यादी आवृत्ती ४ पर्यंत १ पासून मोजली जाते, आवृत्ती ५ मध्ये ० पासून. डीबग ॲडॅप्टर प्रोटोकॉलने (एडिटर आणि डिबगर यांनी एकमेकांशी कसं बोलायचं याच्या नियमांनी) हा प्रश्न सरळ विचारूनच सोडवला आहे: सुरुवातीच्या ‘इनिशिअलाइझ’ विनंतीतच एडिटर सांगतो की त्याच्या ओळी आणि कॉलम १ पासून सुरू होतात की नाही.

पायरी ३: अपयशाची भाषा एकच ठेवा

आपण ज्यावर उभे आहोत त्या पायातच गोंधळ आहे, हे आधी मान्य करू. ‘पीट्रेस’ची (दुसरी प्रोसेस तपासण्याच्या सिस्टिम कॉलची) पीक, म्हणजे मेमरी वाचण्याची, विनंती वाचलेला वर्ड रिटर्न व्हॅल्यू म्हणूनच देते, आणि चूक झाली तर उणे एक देते. पण मेमरीत खरोखरच उणे एक असू शकतं. म्हणून कॉलच्या आधी ‘एर्नो’ (शेवटच्या चुकीचा क्रमांक) शून्य करून नंतर तो तपासावा लागतो. हे झालं सी लायब्ररीच्या आवरणाचं. लिनक्सचा मूळ सिस्टिम कॉल तोच वर्ड ‘डेटा’ पॅरामीटरने दाखवलेल्या जागी ठेवतो. स्पार्क प्रोसेसरवर तर रजिस्टर वाचण्या-लिहिण्याच्या काही विनंत्यांमध्ये ‘ॲड्रेस’ आणि ‘डेटा’ या पॅरामीटरच्या जागाच उलट आहेत. नाव तेच, करार वेगळे. हा गोंधळ एका लहान फाइलमध्ये कोंडून ठेवा आणि तिच्या बाहेर कोणालाही थेट ‘पीट्रेस’ बोलावू देऊ नका.

आपल्या बाजूच्या फंक्शन्ससाठी माझा आग्रह एवढाच: स्थिती आणि संख्या एकाच आकड्यात कोंबू नका. जीडीबीतलं मेमरी हस्तांतराचं मूळ फंक्शन पूर्वी एकच आकडा द्यायचं. धन म्हणजे इतके बाइट, शून्य म्हणजे संपलं, ऋण म्हणजे चूक. पुढे ते बदलून स्थितीसाठी वेगळा एनम (ठरावीक नावांच्या मूल्यांचा प्रकार) आणि लांबीसाठी वेगळा पॅरामीटर केला गेला. त्यामुळे ‘मिळालं’, ‘संपलं’, ‘उपलब्ध नाही’ आणि ‘चूक’ या चार गोष्टी चार नावांनी ओळखता येतात.

यातला ‘उपलब्ध नाही’ आणि ‘चूक’ हा फरक डिबगरमध्ये फार महत्त्वाचा आहे. ऑप्टिमायझरने काढून टाकलेलं व्हेरिएबल, ट्रेसपॉइंटने (प्रोग्राम थांबवून न ठेवता माहिती टिपणाऱ्या खुणेने) गोळा न केलेली मेमरी आणि मॅप नसलेला पत्ता या तीन वेगळ्या बातम्या आहेत. त्या खालच्या थरात एकत्र झाल्या की वरचा थर काहीही केलं तरी वापरणाऱ्याला खरं सांगू शकत नाही. आणि यांपैकी कशासाठीही शून्य परत देऊ नका. शून्य हे मूल्य आहे.

अर्धवट वाचनाचंही ठरवून टाका. ६४ बाइट मागितले, पण २० बाइटनंतर मेमरीचं पान संपलं आणि पुढचं पान मॅपच नाही. स्ट्रिंग वाचणाऱ्याला ते २० बाइट हवे असतात, स्ट्रक्ट वाचणाऱ्याच्या ते उपयोगाचे नाहीत. जीडीबीच्या रिमोट प्रोटोकॉलमध्ये मेमरी वाचायच्या ‘एम’ पॅकेटला मागितल्यापेक्षा कमी डेटा आला तरी ते वैध उत्तर असतं. दोन्ही गरजा एका फंक्शनला बूलियन लावून भागवू नका. ‘मेमरी_पूर्ण_वाच’ आणि ‘मेमरी_मिळेल_तेवढी_वाच’ अशी दोन फंक्शन्स करा. कॉलच्या ठिकाणी ‘ट्रू’ वाचून कोणालाही काही कळत नाही.

पायरी ४: कमेंट म्हणजे करार

‘टार्गेटची मेमरी वाचतं.’ अशी कमेंट मी शेकडो वेळा पाहिली आहे. नावात जे आहे तेच ती पुन्हा सांगते. तिच्या जागी काय हवं ते पाहा (‘इन्फिरिअर’ म्हणजे डिबगरच्या ताब्यातला प्रोग्राम, ‘ब्रेकपॉइंट’ म्हणजे तो जिथे थांबवायचा ती खूण):

> चालू इन्फिरिअरच्या मेमरीतले ‘पत्ता’पासून पुढचे ‘लांबी’ इतके बाइट ‘बफर’मध्ये भरतं. ‘पत्ता’ लोड झाल्यानंतरचा असावा. डिबगरने घातलेले ब्रेकपॉइंट दिसत नाहीत. त्या जागी प्रोग्रामचे मूळ बाइट मिळतात. सगळे बाइट मिळाले तरच यश. अपयश आल्यास ‘बफर’मध्ये काय असेल ते सांगता येत नाही. ‘लांबी’ शून्य असेल तर पत्ता न तपासता यश. इन्फिरिअर थांबलेला असला पाहिजे. एक्सेप्शन फेकत नाही.

यातलं प्रत्येक वाक्य एखाद्या खऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. ब्रेकपॉइंटचंच वाक्य घ्या. एक्स८६ वर सॉफ्टवेअर ब्रेकपॉइंट म्हणजे मूळ बाइटच्या जागी हेक्स सीसी हा एक बाइट लिहिणं. डिसअसेंबलरला मूळ इन्स्ट्रक्शन दाखवायची असते, म्हणून त्याला झाकलेली मेमरी हवी. पण ब्रेकपॉइंट काढणाऱ्या कोडला कधी कधी बघायचं असतं की आपला सीसी अजून तिथे आहे की प्रोग्रामने स्वतःच ती जागा बदलली. त्याला कच्ची मेमरी हवी. जीडीबीत कच्च्या वाचनासाठी स्वतंत्र फंक्शन आहे ते यासाठीच. कमेंटमध्ये हे वाक्य नसेल तर वाचणाऱ्याला आतल्या तीन थरांचा कोड उपसावा लागतो, आणि घाईत तो उपसत नाही.

त्याच ब्रेकपॉइंटची दुसरी बाजू पीसीची. एक्स८६ वर ट्रॅप झाल्यावर पीसी ब्रेकपॉइंटच्या एक बाइट पुढे असतो, आर्म६४ वर तो ब्रेकपॉइंटवरच असतो. मग मागे कोण आणायचा? खालच्या थराने आणला आणि वरच्यानेही आणला, तर प्रोग्राम अर्ध्या इन्स्ट्रक्शनवरून पुढे सुरू होईल. ‘थांबण्याची_घटना_दे’ अशा फंक्शनच्या कमेंटमध्ये ‘परत येताना पीसी दुरुस्त केलेला असतो’ हे सहा शब्द असलेच पाहिजेत.

कमेंट लिहिताना कोड कसा चालतो ते सांगू नका. बोलावणाऱ्याने काय पाळायचं आणि त्याला काय मिळणार, तेवढंच सांगा. आतली युक्ती आत, फंक्शनच्या अंगातच लिहा. आणि करार लिहिताना वाक्य लांबतच गेलं, ‘पण जर’, ‘मात्र जेव्हा’ येत राहिलं, तर कमेंट सोडा आणि फंक्शन फोडा. माझ्या अनुभवात इंटरफेस सुधारण्याची सर्वांत चांगली कल्पना कमेंट लिहिता न आल्यामुळेच सुचते.

पायरी ५: किती काळ वैध, तेही लिहा

डिबगरमध्ये जवळजवळ प्रत्येक उत्तराला मुदत असते. प्रोग्राम पुढे सोडला की फ्रेम, रजिस्टरची मूल्यं, लोकल व्हेरिएबल सगळं शिळं होतं. पॉइंटर परत देणाऱ्या प्रत्येक फंक्शनच्या कमेंटमध्ये दोन गोष्टी हव्यात: मोकळं कोणी करायचं आणि कधीपर्यंत वापरायचं. डीबग ॲडॅप्टर प्रोटोकॉल हे स्पष्ट सांगतो: व्हेरिएबलचे संदर्भ-क्रमांक प्रोग्राम थांबलेला आहे तोवरच वैध असतात, पुन्हा सुरू झाला की बाद.

फ्रेमचा पॉइंटर जपून ठेवणारा कोड दिसला की तिथे फ्रेमची ओळख साठवा आणि हवी तेव्हा तिच्यावरून फ्रेम पुन्हा शोधा. मध्ये एखादं निरुपद्रवी दिसणारं फंक्शन, उदाहरणार्थ एक्स्प्रेशनचं मूल्य काढणारं, प्रोग्राममधलं फंक्शन चालवू शकतं आणि तेवढ्यात फ्रेम कॅश रिकामा होतो. म्हणून ‘हे फंक्शन इन्फिरिअरला चालवू शकतं’ हे वाक्य जिथे लागू असेल तिथे पहिल्याच ओळीत लिहा.

पायरी ६: करार एकाच जागी

हेडरमध्ये जाहीर केलेल्या फंक्शनची कमेंट हेडरमध्येच. सोर्स फाइलमध्ये फक्त ‘हेडर पाहा’ एवढी ओळ. जीडीबीची हीच पद्धत आहे. फाइलपुरत्या स्टॅटिक फंक्शनची कमेंट त्याच्या व्याख्येवर. दोन्हीकडे मजकूर ठेवला की सहा महिन्यांत दोन वेगळे करार तयार होतात. व्हर्च्युअल फंक्शनचा करार मूळ क्लासमध्ये असावा. वारसदाराने फक्त त्याच्यापुरता फरक लिहावा, आणि तो फरक करार मोडणारा नसावा.

पायरी ७: बाहेर गेलेला इंटरफेस बदलताना

आतलं फंक्शन बदलणं सोपं आहे: नाव बदला, कंपायलर सगळी ठिकाणं दाखवेल. अर्थ बदलला असेल तर नाव बदलाच, पॅरामीटर तेच राहिले तरी. नाहीतर जुने कॉल गुपचूप चुकीचे चालत राहतात.

बाहेरच्यांसाठी वेगळी शिस्त लागते. एलएलडीबी या दुसऱ्या डिबगरच्या सार्वजनिक एसबी क्लासमध्ये व्हर्च्युअल फंक्शन नसतं, वारसा नसतो, डेटा मेंबर एकच असतो, आणि एकदा प्रसिद्ध झालेल्या फंक्शनचे पॅरामीटर बदलत नाहीत. हवं तर नवीन ओव्हरलोड येतं. जीडीबीच्या मशीन इंटरफेसच्या (फ्रंटएंड, म्हणजे डिबगरवर बसवलेले दर्शनी प्रोग्राम, वाचतात त्या आउटपुटच्या) दुसऱ्या आवृत्तीत अनेक जागी बसलेल्या ब्रेकपॉइंटचं आउटपुट व्याकरणातच बसत नव्हतं. ते तिथेच दुरुस्त केलं असतं तर त्या चुकीला सांभाळून घेणारे सगळे फ्रंटएंड मोडले असते. म्हणून जीडीबी ९.१ मध्ये तिसरी आवृत्ती आली आणि दुसरी तशीच राहिली. शिवाय जुन्या आवृत्तीत राहून फक्त एवढीच दुरुस्ती मागण्याची एक वेगळी आज्ञाही दिली गेली. तुमचा फ्रंटएंड छोटा असला तरी हा नमुना उचलण्यासारखा आहे.

पायरी ८: जे मशीन तपासू शकतं ते माणसावर सोडू नका

रिटर्न व्हॅल्यू दुर्लक्षिली तर कंपायलर इशारा देईल अशी खूण स्थिती परत देणाऱ्या प्रत्येक फंक्शनवर लावा. कन्स्ट, मालकी सांगणारे स्मार्ट पॉइंटर आणि वेगळे प्रकार यांनी कमेंटमधली निम्मी वाक्यं कोडमध्येच जातात, आणि तिथे ती शिळी होत नाहीत. जीडीबीत आज्ञांच्या मदत-मजकुरासाठी सेल्फटेस्ट आहे: पहिली ओळ पूर्णविरामाने संपते का, ओळीच्या शेवटी मोकळी जागा राहिली आहे का, हेही ती तपासते. अशी टेस्ट लिहायला तासभर लागतो आणि रिव्ह्यूमधली कितीतरी कुरकुर थांबते.

कराराच्या उरलेल्या वाक्यांसाठी एक खोटं टार्गेट बनवा. खरी प्रोसेस नको. फक्त २० बाइट वाचता येतात आणि एकविसाव्याला नकार मिळतो, एवढं पुरे. त्यात दहाव्या बाइटवर ब्रेकपॉइंट घाला. आता तक्त्यातल्या प्रत्येक वाचन-फंक्शनला चार कॉल द्या: लांबी ०, लांबी २०, लांबी २१, आणि पूर्णपणे बाहेरचा पत्ता. प्रत्येक वेळी स्थिती, बाइटची संख्या आणि दहाव्या बाइटचं मूल्य हे तिन्ही कमेंटमध्ये लिहिल्याप्रमाणे येतात का ते बघा. जिथे येत नाहीत तिथे कमेंट चुकली आहे की कोड, हे ठरवण्याआधी त्या फंक्शनच्या सगळ्या कॉल करणाऱ्यांकडे जा आणि ते कशावर विसंबून आहेत ते वाचा. जास्त जण ज्या अर्थाने वापरत असतील तो अर्थ ठेवा, उरलेल्यांसाठी दुसरं फंक्शन काढा, आणि ती टेस्ट त्याच बदलासोबत कोडमध्ये टाका.